मैदानावरची कमाई

खेळ म्हणजे वेळ वाया घालवणे, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आहे. मुलींच्या बाबतीत तर ती अधिकच घट्ट आहे. झारखंडमधील काही खेड्यांत मुली फुटबॉल खेळता खेळता लहान मुलींच्या प्रशिक्षक झाल्या. त्या कामाचा मोबदला त्यांना मिळू लागला. एका मुलीने तर त्यातून आपल्या शाळेची फी भरली. कामाचा अनुभव, कष्टाचे पैसे आणि मोठ्या बहिणीसारखे मार्गदर्शन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर मुलींच्या आयुष्यात काय बदल होतो, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

मुलांनो, आज संध्याकाळी तुमच्या वस्तीजवळच्या मैदानावर एक फेरी मारा. कोणी क्रिकेट खेळत असेल, कोणी फुटबॉलला लाथा मारत असेल. त्यांत मुली किती आहेत, ते मोजा. बहुतेक ठिकाणी त्यांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. पहिली-दुसरीत असताना याच मुली धावण्याच्या शर्यतीत मुलांच्या पुढे असतात. मग बारा-तेरा वर्षांच्या झाल्यावर त्या मैदानावरून कोठे जातात?

उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. कोणी पाणी भरते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते, कोणी पोळ्या लाटते. एखादीने खेळायला जाऊ का, असे विचारलेच, तर घरातले मोठे माणूस म्हणते, ‘‘खेळून काय मिळणार आहे?’’

हा प्रश्न रागाने विचारला जात असला, तरी तो खोटा नाही. ज्या घरात रुपया रुपया मोजून खर्च करावा लागतो, त्या घरात प्रत्येकाच्या वेळेची किंमत असते. मुलगी दोन तास मैदानावर गेली, तर ती दोन तासांची कामे दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात. म्हणून ‘काय मिळणार?’ या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे. झारखंडमधील काही मुलींनी ते कसे दिले, ते आता पाहू.

१५ नोव्हेंबर २००० रोजी बिहारचा दक्षिणेकडील भाग वेगळा होऊन झारखंड हे राज्य झाले. रांची ही त्याची राजधानी. रांचीजवळ ओरमांझी नावाचा भाग आहे. तेथे लहान लहान खेडी आहेत. पावसाळ्यात भाताची शेती होते. अनेक घरांत आदिवासी बोली बोलल्या जातात. या खेड्यांतील मुलीचा दिवस सूर्य उगवण्यापूर्वी सुरू होतो. पाणी आणायचे, सरपण गोळा करायचे, गुरांसाठी गवत कापायचे, मग जमले तर शाळेत जायचे. भातलावणीच्या दिवसांत शाळा बाजूलाच राहते.

या भागातील मुलींपुढे आणखी एक संकट असते. ते म्हणजे लहान वयात होणारे लग्न. आपल्या देशात कायद्याने मुलीचे लग्न अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. तरीसुद्धा २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काय आढळले, ते पाहा. झारखंडमधील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बत्तीस जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. आपल्या महाराष्ट्रातही हा आकडा शंभरात सुमारे बावीस होता. म्हणजे हे संकट केवळ दूरच्या राज्यातले नाही, ते आपल्या दारातही उभे आहे.

लग्न लवकर का होते? गरिबी हे एक कारण आहे. शाळा सुटलेली मुलगी घरी बसली की, ‘आता हिचे लग्न करून टाका,’ असे शेजारीपाजारी म्हणू लागतात. तिची शाळा चालू राहिली, तिच्या हातात काही काम असले आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी असले, तर हे बोलणे मागे पडते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढची सारी हकिकत तिच्याभोवती फिरते.

२००९ साली ओरमांझी भागात ‘युवा’ नावाच्या संस्थेचे काम सुरू झाले. फ्रांझ गॅस्टलर हे अमेरिकेतून आलेले तरुण गृहस्थ तेथील मुलांना इंग्रजी शिकवत होते. त्यांना एका मुलीने फुटबॉल खेळण्याची इच्छा सांगितली आणि त्यातून मुलींचा संघ उभा राहिला. त्या वेळी मैदान धड सपाट नव्हते. मुलींच्या पायांत बूट नव्हते. त्या अर्धी विजार घालून मैदानावर उतरल्या, तेव्हा त्यांना टोमणेही ऐकावे लागले. पण एक मुलगी आली की ती आपल्या मैत्रिणीला आणी, मैत्रीण आपल्या बहिणीला आणी. एका संघाचे दोन झाले, दोनाचे अनेक झाले.

२०१३ साली या मुलींना स्पेनमधील स्पर्धांना जाण्याची संधी मिळाली. परदेशी जायचे म्हणजे पासपोर्ट हवा आणि पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा. मुली दाखले मागायला गेल्या, तेव्हा त्यांना झाडू मारायला लावले गेले, काहींना थप्पडही खावी लागली, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. मुली मात्र मागे हटल्या नाहीत. त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली. कागद मिळाले, पासपोर्ट झाले आणि त्या मुली विमानात बसून स्पेनला गेल्या. तेथील गास्तेइझ चषक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी त्या अमेरिकेतील स्पर्धेतही खेळून आल्या. २०१९ साली मोनॅको येथे ‘युवा’ला लॉरियस पुरस्कार मिळाला. खेळाच्या साहाय्याने समाजाचे भले करणाऱ्या संस्थेला हा पुरस्कार दिला जातो. ‘युवा’च्या मुलींनीच व्यासपीठावर जाऊन तो स्वीकारला.

चषक आणि पुरस्कार यांची बातमी सर्वांना कळते. पण बातमीत न येणारी एक गोष्ट याहून मोठी आहे. ती म्हणजे, या मुलींना रोज शिकवत कोण होते?

मुलींची संख्या वाढली, तेव्हा एका-दोघा प्रशिक्षकांना सर्वांना शिकवणे शक्य नव्हते. शहरातून प्रशिक्षक आणावेत, तर ते खेड्यात किती दिवस राहणार? आणि मुलींच्या घरच्यांना त्यांचा भरवसा कसा वाटणार? तेव्हा उत्तर मैदानावरच सापडले. ज्या मुली काही वर्षे खेळल्या होत्या, त्याच धाकट्या मुलींना शिकवू लागल्या. त्या प्रशिक्षक झाल्या. आणि महत्त्वाचे म्हणजे या कामाचा त्यांना मोबदला मिळू लागला.

तुम्ही म्हणाल, ‘‘लहान मुलींना शिकवायचे तर पैसे कशाला? सेवा म्हणून करावे.’’ सेवा ही चांगलीच गोष्ट आहे. पण विचार करा. ज्या मुलीच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे, तिला फुकट काम करणे परवडते. जिच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तिला परवडत नाही. काम फुकट ठेवले, तर गरीब घरातल्या मुली आपोआप गळतात आणि ती संधी पुन्हा सुखवस्तू मुलींनाच मिळते. म्हणून कामाचा मोबदला देणे हा उपकार नाही, तो न्याय आहे.

आता ही छोटी प्रशिक्षक नेमके काय काम करते, ते पाहू. ती सर्वांच्या आधी मैदानावर येते. मैदानावरचे दगड, काचा उचलते. चेंडू मोजून घेते, त्यांत हवा आहे की नाही ते पाहते. मग हजेरी घेते. मुलींकडून अंग मोकळे करण्याचे व्यायाम करून घेते, कारण थंड अंगाने एकदम धावले, तर स्नायू दुखावतात. नंतर ती चेंडू पायात खेळवणे, अचूक पास देणे, जागा धरणे अशा गोष्टी एकेक करून शिकवते. कोणाचा पाय मुरगळला, तर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे तिला माहीत असावे लागते. भांडण झाले, तर दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतात. शेवटी चेंडू पुन्हा मोजायचे. एक कमी भरला, तर शोधायचा.

या कामात ती किती गोष्टी शिकते, पाहा. वेळ पाळणे, नोंद ठेवणे, हिशेब देणे, चारचौघांत स्पष्ट बोलणे, राग आवरणे. शाळेच्या पुस्तकात या गुणांवर धडे असतात, पण ते अंगी येतात काम करतानाच. पुढे ती शिक्षिका होवो, परिचारिका होवो, अधिकारी होवो किंवा स्वतःचे दुकान काढो, हे गुण तिच्या उपयोगी पडतातच.

सीमा कुमारी या मुलीचे उदाहरण घ्या. ती ओरमांझी भागातील दाहू गावची. तिचे आईवडील निरक्षर. थोडी शेती आणि वडिलांचे दोऱ्याच्या कारखान्यातील काम, यांवर मोठ्या एकत्र कुटुंबाचे पोट चाले. सीमा गुरांसाठी गवत आणायला जाई, तेव्हा तिला मैदानावर मुली फुटबॉल खेळताना दिसत. २०१२ साली ती त्यांच्यात सामील झाली. अर्धी विजार घालून खेळते म्हणून तिची थट्टा झाली. लहान वयात लग्न करण्याचा दबाव आला. तिने तो मानला नाही.

सीमा खेळत राहिली आणि काही वर्षांनी स्वतः लहान मुलींची प्रशिक्षक झाली. त्या कामाच्या पैशांतून ती आपल्या शाळेची फी भरू लागली. घरात प्रश्न होता, ‘खेळून काय मिळणार?’ सीमाने त्याचे उत्तर फीच्या पावतीने दिले. २०२१ साली अमेरिकेतील प्रसिद्ध हार्वर्ड विद्यापीठात तिला पूर्ण शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. तिच्या कुटुंबातून विद्यापीठात जाणारी ती पहिलीच स्त्री ठरली.

सर्वच मुली हार्वर्डला जाणार नाहीत आणि जाण्याची गरजही नाही. सीमाच्या हकिकतीत लक्ष द्यायचे ते तिच्या पहिल्या कमाईकडे. ती रक्कम फार मोठी नसते. पण स्वतःच्या कष्टाचे पैसे घरी आणणाऱ्या मुलीकडे घर वेगळ्या नजरेने पाहू लागते. ‘हिचे लग्न कधी करायचे?’ याऐवजी ‘हिची परीक्षा कधी आहे?’ असे विचारले जाऊ लागते. मुलगी स्वतःकडेही वेगळ्या नजरेने पाहते. ‘मला काही येते आणि जे येते त्याला किंमत आहे,’ हे तिला कळते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मुलांनी काम करून पैसे मिळवावेत, असे कोणी सरसकट म्हणू लागले, तर ते चुकीचे होईल. आपल्या देशात विटांच्या भट्ट्यांवर, हॉटेलांत, कारखान्यांत अनेक मुलांचे बालपण करपून गेले आहे. म्हणूनच १९८६ साली बालकामगारविषयक कायदा झाला आणि २०१६ साली तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. काही थोडे अपवाद आहेत, पण तेथेही शाळा बुडता कामा नये, असे बंधन आहे. चौदा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावण्यास मनाई आहे.

मग बालमजुरी आणि कामाचा अनुभव यांत फरक कसा ओळखायचा? चार प्रश्न विचारा. या कामामुळे शाळा बुडते का? या कामात शरीराला किंवा मनाला धोका आहे का? हे काम करताना मूल काही नवे शिकते का? त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला वेळेवर आणि पुरेसे मिळतात का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आणि पुढच्या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तरच ते काम मुलांसाठी योग्य समजावे. शाळा सुटल्यावर तासभर धाकट्या मुलींना फुटबॉल शिकवणे या कसोटीला उतरते. शाळा सोडून दिवसभर भट्टीवर विटा वाहणे उतरत नाही.

केवळ पैसे दिले म्हणजे सारे झाले, असेही नाही. पैशांबरोबर वाट दाखवणारे माणूस हवे. झारखंडच्या मैदानावर त्या माणसाला ‘दीदी’ म्हणतात. तुम्ही घरी मोठ्या बहिणीला आपा किंवा बाजी म्हणता, तुमच्या मराठी मैत्रिणी ताई म्हणतात. नाव वेगळे, नाते एकच.

दीदी ही वयाने फार मोठी नसते. ती चार-पाच पावलेच पुढे असते. तिने तीच वाट तुडवलेली असते, त्याच विहिरीचे पाणी भरलेले असते, तेच टोमणे ऐकलेले असतात. म्हणून तिचे बोलणे पटते. एखादी मुलगी चार दिवस आली नाही, तर दीदीने तिच्या घरी जावे, आईशेजारी बसून विचारपूस करावी, अशी अपेक्षा असते. बाहेरचा माणूस दारात आला, तर आई बिचकते. गावातलीच मुलगी आली, तर मन मोकळे करते. शरीरात होणाऱ्या बदलांविषयी जे प्रश्न मुली शिक्षकांना विचारू शकत नाहीत, ते दीदीला विचारतात. परीक्षेचा अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, घरी लग्नाचा विषय निघाला तर कोणाशी बोलायचे, हेही दीदी सांगते. आज जिला दीदीने हात दिला, ती उद्या दुसऱ्या कोणाची तरी दीदी होते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसे हे चालते.

खेळाच्या जगात केवळ खेळाडू आणि प्रशिक्षक असतात, असे समजू नका. पंच लागतात, गुणलेखक लागतात, प्रथमोपचार करणारे लागतात, मैदान तयार करणारे लागतात. बातमी लिहिणारे आणि छायाचित्रे काढणारेही लागतात. जी मुलगी फार वेगाने धावू शकत नाही, तिलाही या जगात जागा आहे.

आपल्या मुंबईच्या वृंदा राठी यांचेच पाहा. त्या क्रिकेटच्या सामन्यांत गुणलेखनाचे काम करत. मुंबईच्या मैदानांवर सामन्यांचे गुण लिहिता लिहिता त्यांनी क्रिकेट मंडळाची गुणलेखकाची परीक्षा दिली. २०१३ साली भारतात महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा तेथे गुणलेखन करताना त्यांची न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांच्याशी भेट झाली. एक स्त्री पंचाचे काम किती आत्मविश्वासाने करते, हे त्यांनी पाहिले आणि आपणही पंच व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. जानेवारी २०२३ मध्ये पुरुषांच्या रणजी करंडक सामन्यांत प्रथमच तीन स्त्रिया पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक वृंदा राठी होत्या. येथेही तेच दिसते. हातात एक काम होते आणि समोर वाट दाखवणारी एक व्यक्ती भेटली.

ठाणे जिल्ह्यातील मुंब्रा येथे तुमच्यासारख्याच अनेक मुली फुटबॉल खेळू लागल्या. खेळायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदान मागितले. २०२२ साली मुलींची सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला. त्या स्पर्धेत भारताच्या संघाची कर्णधार होती अस्तम उरांव. ती झारखंडमधील गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आली होती आणि संघात झारखंडच्या एकूण सहा मुली होत्या. भारताचा संघ त्या स्पर्धेत जिंकू शकला नाही. पण ज्या राज्यात मुलींना चेंडूसाठी घरच्यांची मनधरणी करावी लागत होती, त्याच राज्यातील मुलगी देशाची कर्णधार झाली.

मुलींनो, तुमच्या शाळेतही सुरुवात करता येईल. नववी-दहावीतील मुलींनी आठवड्यातून दोन दिवस पाचवी-सहावीच्या मुलींना लंगडी, खो-खो, कबड्डी किंवा फुटबॉल शिकवावा. हजेरीची वही ठेवावी. वार्षिक क्रीडास्पर्धांत पंचाचे आणि गुणलेखनाचे काम मागून घ्यावे. बाहेरून पंच बोलावले, तर त्यांना शाळा मानधन देतेच. मग तेच काम नीट शिकून करणाऱ्या मोठ्या विद्यार्थिनींना थोडे मानधन का देऊ नये? हा प्रश्न आपल्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघाला आदराने विचारून पाहा.

आणि मुलांनो, तुमचेही एक काम आहे. मैदान सर्वांचे आहे. रोज काही वेळ ते मुलींसाठी मोकळे ठेवा. घरी बहिणीच्या वाट्याची दोन कामे तुम्ही केलीत, तर ती तासभर खेळायला जाऊ शकेल. एवढे केलेत, तरी तुम्ही तिच्या संघातले खेळाडू ठराल.

यापुढे कोणी विचारले, ‘‘खेळून काय मिळणार?’’ तर गप्प बसू नका. झारखंडच्या मुलींची ही हकिकत त्यांना सांगा.

शब्दार्थ

समजूत – मत, धारणा
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे
मानधन – आदराने दिलेली कामाची रक्कम
सरपण – चुलीत जाळण्याची लाकडे
विजार – पायांत घालण्याचे शिवलेले वस्त्र
टोमणा – मनाला लागेल असे बोलणे
सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी
सरसकट – सगळ्यांना एकसारखे धरून
कसोटी – परीक्षा, पारख
गुणलेखक – सामन्यातील गुण लिहिणारा
मनधरणी – पुन्हा पुन्हा विनंती करून मन वळवणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) झारखंड राज्य केव्हा झाले?
(आ) स्पेनला जाण्यासाठी मुलींना कोणते कागद मिळवावे लागले?
(इ) सीमा कुमारी शाळेची फी कशी भरत असे?
(ई) पंच होण्यापूर्वी वृंदा राठी कोणते काम करत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘खेळून काय मिळणार?’ हा प्रश्न खोटा नाही, असे लेखात का म्हटले आहे?
(आ) छोट्या प्रशिक्षकाला कोणकोणती कामे करावी लागतात?
(इ) दीदीचे बोलणे मुलींना का पटते?
(ई) मोबदला देणे हा उपकार नसून न्याय आहे, हे स्पष्ट करा.

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) खेळापूर्वी अंग मोकळे करण्याचे व्यायाम करावेत, कारण ........
(आ) काम फुकट ठेवले, तर गरीब घरातल्या मुली गळतात, कारण ........

प्र. ४. योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(लॉरियस, चौदा, तिसरा, दाहू)
(अ) गास्तेइझ चषक स्पर्धेत मुलींनी ........ क्रमांक मिळवला.
(आ) सीमा कुमारी ही ........ गावची.
(इ) ........ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही.
(ई) २०१९ साली ‘युवा’ला ........ पुरस्कार मिळाला.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
मागे न हटणे, मन मोकळे करणे, कसोटीला उतरणे, हात देणे.

प्र. ६. भाषेची गंमत.
(अ) मैदान, खर्च, कागद, मजुरी, हजेरी, मेहनत हे शब्द मराठीत आहेत, तसेच उर्दूतही आहेत. काहींचा उच्चार थोडा बदलला आहे. उर्दू शब्द लिहून फरक सांगा.
(आ) ‘शिकस्त’ या शब्दाचा उर्दूतील अर्थ ‘हार’ असा आहे. मराठीत मात्र ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ म्हणजे होईल तेवढे प्रयत्न करणे. ‘हकिकत’ या शब्दाचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ असाच ताडून पाहा.

प्र. ७. काळ ओळखा व कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा.
(अ) ती सर्वांच्या आधी मैदानावर येते. (भूतकाळ करा.)
(आ) मुली मागे हटल्या नाहीत. (भविष्यकाळ करा.)

उपक्रम : तुमच्या वस्तीतील मैदानावर सलग सात दिवस संध्याकाळी किती मुले व किती मुली खेळतात, याची नोंद वहीत करा. मुली कमी असल्यास त्याची कारणे घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.